डॉक्टरीणबाई म्हणतील तो बाहेर

"उल्का, मी आमच्या ऑफिसच्या शुक्लासाहेबांना शब्द देऊन बसलोय," नरेंद्रराव मेश्राम दारातूनच म्हणाले. पायातल्या चपलासुद्धा अजून काढल्या नव्हत्या.

"आता कसला शब्द?"

"रविवारी चारबागच्या मैदानावर रग्बीची मॅच आहे. कलकत्त्याची टीम येतेय. क्लबचा डॉक्टर नेमका कानपूरला लग्नाला चाललाय. मी म्हटलं, हमारी मिसेज हैं ना!"

उल्काबाई रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. मेश्रामांच्या अख्ख्या खानदानातली पहिली डॉक्टर, आणि तीही सून! नरेंद्ररावांनी हे नागपुरात इतक्यांदा सांगितलं होतं, की लखनौला बदली झाली तेव्हा शेजाऱ्यांनी सुटकेचे पेढे वाटले असतील. पण बाईंचा दरारा मात्र खरा. खोटी पाठदुखी घेऊन रजेचं सर्टिफिकेट मागायला आलेल्या गड्याकडे त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तरी तो ताठ उभा राहायचा. एकही खोटं सर्टिफिकेट त्यांच्या हातून कधी सुटलं नव्हतं.

"अहो, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"खेळ कळायला कशाला हवा? कोण जखमी, कोण बाहेर, एवढंच सांगायचं. टीमला दोनच बदली गडी मिळतात, तेही डॉक्टर म्हणेल तेव्हा. बाहेर गेला तो गेला, परत येणे नाही. आणि खोटं पकडण्यात तुझा हात कोण धरणार?"

उल्काबाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवणं सोपं नव्हतं, पण या वाक्याने त्या चढल्या.

मैदानावर गेल्यावर कळलं, इथे सगळाच उफराटा कारभार! दवाखान्यात धडधाकट माणसं कण्हायची, इथे मोडकी माणसं हसत होती. पहिल्याच झोंबाझोंबीत तिवारी नावाच्या आडदांड गड्याचा खांदा लोंबायला लागला.

"कुछ नहीं मैडम, ज़रा खिंच गया है."

"हाथ ऊपर कीजिए."

तिवारीने चांगला हात वर केला.

"दूसरा."

"दूसरा भी बिलकुल ऐसा ही है, मैडम."

"बाहर!"

पुढचा लंगडत होता आणि लंगडणं ही आपली चालण्याची खानदानी पद्धत आहे म्हणून शपथेवर सांगत होता. बाईंनी त्याला दुखऱ्या पायावर उभं राहायला सांगितलं. तोही बाहेर. दोन्ही बदली गडी संपले. नरेंद्रराव मात्र भावाने नागपूरहून पाठवलेल्या संत्र्यांची टोपली घेऊन फिरत होते, आणि प्रत्येक संत्र्याबरोबर "वो डॉक्टर साहिबा हमारी मिसेज हैं" हेही वाटत होते.

मॅच संपत आली. लखनौ पुढे होती. तेवढ्यात कप्तान बब्बन डोक्यावर आपटला. बब्बन म्हणजे शुक्लासाहेबांचा धाकटा मुलगा. क्षणभर पडला आणि टुणकन उठला.

"स्कोर क्या है?" बाईंनी विचारलं.

"घबराइए मत मैडम, हार रहे हैं, लेकिन हम जिता के जाएँगे!"

"आपकी टीम जीत रही है. चलिए, बाहर."

"सवाल ही नहीं उठता!" म्हणत बब्बन सरळ आत पळाला. पब्लिकने टाळ्या पिटल्या. रेफरी घड्याळाकडे बघायला लागला. सगळ्या मैदानादेखत बाईंचा शब्द मातीत पडला होता. ही गोष्ट उद्या दवाखान्यात पोचली, की खोट्या पाठदुख्यांची रांग स्टेशनपर्यंत जाणार!

त्यात शुक्लासाहेबांनी नरेंद्ररावांचा दंड धरला. "मेश्रामजी, मिसेज को समझाइए, अब ज़िद न करें."

नरेंद्ररावांच्या तोंडचं पाणी पळालं. एकीकडे साहेब, दुसरीकडे बायको! टोपली पोटाशी धरून ते रेषेच्या कडेकडेने निघाले. बायकोला काय सांगायचं, हे काही त्यांना सुचेना. आणि ते सुचायच्या आतच सातआठ गडी चेंडूसकट रेषा ओलांडून त्यांच्या अंगावर कोसळले. बब्बन सगळ्यांत वर. संत्र्यांचा रस निघाला.

शिट्टी झाली. उल्काबाई धावत आल्या. "अहो! कुठे लागलंय?"

"कुठे नाही! ठणठणीत!" खाली पडल्या पडल्या नरेंद्रराव म्हणाले.

"आपल्या लग्नाची तारीख सांगा."

"सत्तावीस नोव्हेंबर."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "स्ट्रेचर लाओ!"

"अगं, बरोबर सांगितली ना?"

"म्हणून तर! लग्न झाल्यापासून एकदा तरी आठवली होती का? डोक्यालाच मार लागलाय. झोपा गुपचूप!"

धडपडणाऱ्या नरेंद्ररावांना चौघांनी उचललं. बब्बन बघत उभा होता. डोळे चोळत तो पुढे आला.

"चलिए मैडम, हम भी आते हैं. जो अपने मिस्टर को नहीं छोड़तीं, वो हमें क्या छोड़ेंगी?"

आणि तो स्ट्रेचरच्या मागे मुकाट्याने चालायला लागला. रेषेबाहेर पाऊल टाकलं न टाकलं, तोच भडाभडा ओकला आणि वडिलांनाच विचारायला लागला, "चाचा, घर किधर है?" शुक्लासाहेब धावत आले. त्यांनी बाईंना हात जोडले. पंधराऐवजी चौदा गड्यांची लखनौ शेवटी हरली, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चारबागच्या मैदानावर सगळं पब्लिक उठून वाट देत होतं, आणि त्या वाटेने उल्काबाई ताठ मानेने चालल्या होत्या. स्ट्रेचरवरच्या नरेंद्ररावांची छाती एवढी फुगली, की उचलणाऱ्यांना ते जड वाटायला लागले. "वो हमारी मिसेज हैं," त्यांनी झोपल्या झोपल्या चौघांनाही सांगितलं.

सोमवारी सकाळी त्यांनी चादर डोक्यावरून ओढली. "उल्का, डोकं जड आहे गं. दोन दिवसांचं सर्टिफिकेट दे ना. तूच तर स्ट्रेचरवर घातलंस!"

उल्काबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लग्नाची तारीख?"

नरेंद्ररावांनी खूप डोकं खाजवलं. "नोव्हेंबर... पंचवीस?"

"झालात बरे," बाई म्हणाल्या. "उठा, डबा भरलाय."