देवकाबाईचं लांबोळकं खळं

मुखरूभाऊ खांद्यावर बॅट टाकून मैदानात आला आणि जागीच थिजला. त्याच्या पिचवर बैल फिरत होते.

नुसते फिरत नव्हते, धान तुडवत होते. मुसक्या बांधलेले बैल, त्यांच्यामागे काठी घेऊन देवकाबाई, आणि खाली गुडघाभर पेंढ्यांचा थर. त्याखाली पिच पार गडप. दोन्ही टोकांना त्यानं काल स्टंप रोवले होते, त्यांना हळदकुंकू लागलं होतं आणि वर झेंडूच्या माळा.

"देवकाबाई! हे काय करून राह्यली तू?"

"दिसत नाई? धान चुरून राह्यली. माह्या खळ्यात तलावाचं पानी शिरलं. हे रिकामं होतं."

"हे खळं नाई, पिच आहे पिच! आज मॅच आहे माही!"

"मंग वारुळाची माती टाकून चोपलं काऊन? शेनानं सारवलं काऊन? एवढी गुळगुळीत जागा, अन् म्हंते खळं नाई! लांबोळकं केलं तेवढं चुकलं तुहं. बैलं नुसत्या येरझारा मारून राह्यले. अन् पह्यले ते जोडे काढ. खळ्यावर जोडे घालून उभा आहे, लाज नाई वाटत?"

जोडे म्हटल्यावर मुखरूचं डोकंच फिरलं. ते जोडे नव्हते, खिळ्यांचे पांढरे बूट होते. राजासाहेबांनी दिलेले. मुखरू मूळचा चामोर्शीचाच, पण पोरवयात एका संस्थानात हत्तीखान्याच्या चाकरीला गेला. तिथं राजाला बॉल टाकता टाकता त्याच्या टीमचा पगारी बॉलर झाला. पुढं संस्थान गेलं, टीम मोडली, राजासाहेबांनी डोळे पुसत हे बूट हातात दिले आणि मुखरू गावी परतला. इथं सोमाजी मालगुजारांनी त्याला कोच म्हणून ठेवून घेतलं. सरकारनं मालगुजारी काढून घेतली होती, आणि माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. हत्ती परवडत नव्हता. कोच परवडला.

पण कालच मालगुजारांनी बजावलं होतं, "मुखरू, उद्या चांद्याहून रेंजर सायबाची टीम येऊन राह्यली. मॅच नाई झाली तं तू आपल्या राजाकडं जाय."

जाणार कुठं? राजाच आता जावयाकडं राहत होता.

मुखरू तसाच पळत गेला आणि मालगुजारांना घेऊन आला. "मालक, हाकला हिले!"

मालगुजार तरातरा आले. मिशीवर हात फिरवला, तोंड उघडलं, आणि काठाशी पोचताच त्यांचे पाय आपोआप जोड्यांतून बाहेर निघाले. 

"मालक, जोडे काऊन काढले?"

"खळं आहे ना बे."

"पिच आहे मालक!"

"पूजा झाली काय, देवकाबाई?"

"झाली. नारळ बी फोडला."

"मंग झालं. रास निघल्याबिगर कोनीच उठवू शकत नाई."

"अन् मॅच?"

"ते तू पाह्य. कोच तू आहेस."

आता काय करता? मुखरूनं बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले आणि काठी हिसकावून स्वतःच बैल हाकायला लागला. बॅट्समन पेंढ्या झटकायला लागले, विकेटकीपर सुपानं उपणायला. राजाच्या बॉलरला धान मळताना पाहायला अर्धं गाव जमलं. "मुखरूभाऊ, ओव्हर झाली, बैल बदलव!" कोणीतरी ओरडलं. मुखरूनं काठी फेकून मारली. ती बैलाला लागली.

दुपारी रास काठाला लागली आणि तेवढ्यात जीपगाडी आली. पांढऱ्या पँटी, कडक बूट, पुढं रेंजरसाहेब. देवकाबाई झाडू घेऊन राशीपुढं उभी राहिली.

"जोडे काढा."

"बाई, मी सरकारी अधिकारी आहे."

"मंग मोजे बी काढा."

रेंजरसाहेबांनी मालगुजारांकडं पाहिलं. मालगुजार अनवाणी. मग काय, सगळ्या टीमनं बूट जीपमध्ये ठेवले.

मैदान म्हणजे कापणी झालेलं शेतच, आजूबाजूला सगळी धानाची धसकटं. आमच्या पोरांच्या पायाला ती जन्मापासून ओळखीची. साहेबलोक मात्र तापल्या तव्यावर चालल्यासारखे उड्या मारायला लागले. त्यांचा फास्ट बॉलर पळत यायचा, मध्येच "आई गं" करून खाली बसायचा आणि काटा काढायचा. त्यात पिचवर इथं-तिथं धानाचे दाणे पडलेले. गावच्या टीममधल्या झिंगूला मुखरूनं महिनाभर स्पिन शिकवली होती, बॉल तसूभर वळला नव्हता. आज दाण्यावर पडून तो असा वळला, की झिंगूच घाबरला. रेंजरसाहेब बोल्ड. माळ उडाली, कुंकू उडालं.

"देवा, चुकलं माकलं माफ कर," म्हणत देवकाबाईनं धावत जाऊन स्टंपला माळ परत घातली. मग दर विकेटीला तोच कार्यक्रम. चामोर्शीनं मॅच मारली.

"कोचिंग आहे हे, कोचिंग!" मुखरू छाती ठोकत गावभर फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ही गर्दी. मुखरूनं घाईघाईनं बूट चढवले. आता अख्खा तालुका क्रिकेट शिकणार!

गर्दीतून शेतकरी वारलू पुढं झाला. "मुखरूभाऊ, देवकाबाईच्या राशीत मातीचा एक खडा आला नाई. माहं खळं करून दे ना गा."

"माहं बी!"

"माहं पह्यले!"

मागून मालगुजार आले. "कोचाची नोकरी पक्की तुही. पन पह्यले आपलं खळं."

मुखरू लालबुंद झाला. राजाचा बॉलर, आणि खळी चोपत फिरणार? दोन शिव्या तोंडात आल्यादेखील. पण गर्दीकडं पाहता पाहता त्यानं त्या गिळल्या.

"करतो. सगळ्यायचं करतो. पन माह्या मापानं."

संध्याकाळी मालगुजार आपलं खळं बघायला आले. "अबे, खळं गोल असते! एवढं लांब? बैलं वळन कशे?"

"वळाचं काऊन? त्या टोकाले जाचं, या टोकाले याचं."

त्या हंगामात चामोर्शीत एकही नवं खळं गोल झालं नाही. शिवारभर बावीस-बावीस यार्डांची खळी. बैल या टोकाहून त्या टोकाला पोचले की शेताच्या धुऱ्यावरून पोरं ओरडायची, "एक!"

आणि गळ्यात बूट अडकवलेला मुखरू अनवाणी पायांनी काठाकाठानं धावत बैलांवर खेकसायचा, "दुसरा घ्या बे, दुसरा!"