'डिफ्रे'चं मूळ आणि कपाटाचा पाय

ऑफिसात मला सगळे 'शब्दकोश' म्हणतात. चौदा वर्षांत कुठल्याही इंग्रजी शब्दाला मी 'माहीत नाही' म्हटलेलं नाही. (माहीत नसतं, ही गोष्ट वेगळी. तेव्हा मी 'उद्या मुळासकट सांगतो' म्हणतो.) साहेबांनी हेड ऑफिसच्या पत्रातल्या 'डिफ्रे' या क्रियापदावर बोट ठेवलं, तेव्हाही मी तेच म्हणालो.

घरी आलो तर माझा जाडजूड शब्दकोश काचेच्या कपाटाच्या मोडक्या पायाखाली होता. बायकोने तो तिथे सहा वर्षांपूर्वी सरकवला होता. (यावरून कुणी माझी विद्वत्ता मोजू नये.) कपाटात सासूबाईंनी दिलेला काचेचा सेट होता. तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, त्यामुळे एकाही पाहुण्याच्या नशिबी आला नव्हता. मुलगी म्हणाली, फोनवर बघा की. मी तिला सुनावलं, फोनवर अर्थ मिळतो, संस्कार मिळत नाहीत.

नेमका मेहुणा आलेला. त्याने कपाट उचलून धरायचं, मी पुस्तक ओढून तिथे लगेच वीट सरकवायची, असं ठरलं. दोन मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. त्याने उचललं, मी ओढलं. पण हातात आलेला शब्दकोश बाजूला ठेवून विटेला हात घालायचा, हे काही माझ्या स्वभावात नाही. मी पान काढलं.

"खर्च सोसणे, भागवणे," मी मोठ्याने वाचलं.

"भाऊजी, वीट."

मी त्याला म्हटलं, मूळ अजून राहिलंय. फ्रेंचमध्ये 'फ्रे' म्हणजे खर्च. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता; विषयात रंगलाय, असं मला वाटलं.

"भाऊजी, हात सुटतोय."

"थांब रे, लॅटिन आलंच. हा 'फ्रे' बहुधा 'मोडणे' यावरून आलाय. आधी मोडतोडीची भरपाई, मग कुठलाही खर्च."

एवढं वाचून झालं आणि कपाट आडवं झालं. सहा ग्लास, बारा बशा आणि सासूबाईंचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास, सगळं एका दमात गेलं.

बायको आतून आली. ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिने भावाला लागलं का ते विचारलं (मला नाही), काचांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "काय अर्थ निघाला?"

मी सांगितला.

"छान. मग भागवा," ती म्हणाली आणि केरसुणी माझ्या हातात दिली.

निदान ऑफिसात तरी अब्रू राहील, या आशेवर दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून मी साहेबांना अर्थ, फ्रेंच, लॅटिन सगळं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग पाकिटातून एक नोट काढून हेडक्लार्कसमोर ठेवली.

"अर्थ मला ठाऊक होता हो," ते म्हणाले. "आमची पैज लागली होती. तुम्हाला काही येत नाही, यावर नव्हे; त्याबद्दल ऑफिसात कुणालाच शंका नाही. तुम्ही एकदा तरी ते कबूल कराल, असं मी म्हणत होतो."