बशीचे बूड

मुरिएलने टेबलावर इस्त्रीची पांढरी चादर अंथरली, मधोमध फुले ठेवली आणि सासूने दिलेल्या निळ्या काठाच्या बश्या अशा मांडल्या, की शेजारणींनी खिडकीतून बघून जळून खाक व्हावे. टेबल देखणे दिसत होते. मात्र त्या सेटमधली एक बशी मुरिएलच्या हातून फुटली होती.

सेट देताना सासूने, एडिथबाईंनी, बजावले होते, "माझ्या आईनं कारखान्यात बसून स्वतःच्या हातानं रंगवलाय हा. एक जरी बशी गेली, तर सगळा उचलून थोरलीच्या घरी नेईन. मग बस पत्र्याच्या ताटलीत जेवत!"

थोरली जाऊ टपूनच बसली होती. म्हणून मुरिएलने बर्सलेमचा बाजार पालथा घालून हुबेहूब तशी बशी आणली आणि ती स्वतः बसायच्या जागेवर मांडली. आज चहाला सासू येणार होती, आणि सोबत सासूची बहीण, हेटीमावशी.

नवरा क्लिफर्ड टाय ओढत आत आला. "झकास दिसतंय! मावशी बश्या उलट्या करून बघेल आणि खूश होईल."

"उलट्या? कशाला?"

"बुडाखालचा शिक्का बघायला. कुठल्या कारखान्याची ते. आमच्यात सगळेच बघतात."

मुरिएल ब्लॅकपूलची, समुद्रकाठची पोर. तिकडे बशीत काय वाढलेय ते बघतात. बर्सलेमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या चिनी मातीच्या भट्ट्यांवर राबलेली. त्यांना राजवाड्यात जेवायला बसवा, आधी बशी पालथी करतील, मग राजाकडे बघतील.

मुरिएलने बाजारची बशी पालथी केली. खाली मुकुट. शेजारची केली. पक्षी. पलीकडची, पक्षी. सगळ्यांखाली पक्षीच.

"मेले मी! ही एकटीच मुकुटवाली!"

"मग भरून ठेव. भरली बशी कोण उलटी करतंय?"

पुरुषाचा सल्ला दारापर्यंत पुरतो, पुढचे बाईने निस्तरायचे. मुरिएलने प्रत्येक बशीत हॅम, चीज आणि लोणच्याचे कांदे रचले. तोवर दार वाजले. सासूला मागे टाकून हेटीमावशी टोपीसकट आत शिरली आणि थेट मुरिएलच्या खुर्चीत बसली.

"मावशी, तिथं नको! वारा लागेल!"

"शेकोटीजवळ कसला गं वारा? माझे गुडघे धरलेत. मी हलणार नाही."

मावशीचे खाणे भट्टीत कोळसा लोटल्यासारखे. बशीचा काठ दिसला, की मुरिएल लगेच त्यावर हॅमचा तुकडा टाकायची. नवल म्हणजे, जिने कधी कुणाला मीठ पुढे केले नाही, ती सासूही ओरडत होती, "वाढ की गं तिला! बशी रिकामी दिसतेय!"

"अगं, मला चहाला बोलावलंय की कापायला?" मावशी म्हणाली. "नाताळच्या टर्कीसारखी भरताय! आईच्या हातची बशी बघू तर द्या. किती वर्षं झाली, कधीही विचारा, एडिथच्या कपाटाची किल्ली हरवलेली!"

"बघशील गं, आधी खा," एडिथबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला होता.

हॅम संपले. चीज संपले. मुरिएलने घाबरून मावशीच्या बशीत कस्टर्ड ओतले, काठोकाठ. आता बघू कशी उलटवते!

मावशीने उलटवली नाही. तिने दोन्ही हातांनी बशी डोक्यावर उचलली, मान वर केली आणि खालून बघितले. कस्टर्डची धार टोपीवरून कानामागे उतरली. मुरिएलला आपला सेट थोरलीच्या कपाटात दिसू लागला.

"मुकुट," मावशी म्हणाली.

मुरिएलने डोळे मिटले.

"मुकुटच! आईच्या कारखान्याचा!" मावशीच्या गालांवरून पाणी वाहत होते की कस्टर्ड, सांगणे कठीण होते. "एडिथ, माफ कर मला. मला वाटायचं, तू सेट कधीच फोडून बसलीस आणि सगळ्यांना थापा मारतेस."

"मी? छे गं!" एडिथबाईंचा आवाज उंदराच्या बिळातून आल्यासारखा निघाला. मावशीने शेजारच्या बशीकडे हात नेला, तसे त्यांनी उरलेले कस्टर्ड त्या बशीत रिकामे केले.

क्लिफर्ड मावशीची टोपी धुवायला परसात घेऊन गेला. मुरिएल सगळ्या बश्या उचलून स्वयंपाकघरात गेली आणि मान खाली घालून विसळू लागली. सासू मागोमाग आली आणि तिने दाराला कडी घातली.

"आई, माझ्या हातून एक..."

"हळू बोल! माझ्या हातून अख्खा ट्रे जिन्यावरून गेला होता. क्लिफर्ड पाळण्यात होता तेव्हा. या पक्षीवाल्या मग गुपचूप विकत आणल्या." एडिथबाईंनी दाराला कान लावून कानोसा घेतला. "ही मुकुटवाली कुठं मिळाली तुला?"

"बाजारात. चर्चमागच्या गाळ्यावर."

"आणखी असतील का गं तिथं? हेटी पुढच्या रविवारी परत यायचं म्हणतेय." आणि मग, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी सुनेचा ओला हात आपल्या हातात घेतला. "थोरलीला मात्र यातलं अक्षर सांगू नकोस हं, बाळा."