औताडे सरांचे सहा थर

दही समजून फ्रिजमधला स्टीलचा डबा उघडला आणि मी किंचाळले. आत मेंदू होता! ज्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, तिथं चक्क बोकडाचा मेंदू.

"घाबरू नका ताई, झाकण घट्ट लावलं व्हतं," शेजारचे औताडे सर दारातूनच म्हणाले. गल्लीत फ्रिज फक्त आमच्याकडे, आणि रविवारी कॉलेजची प्रयोगशाळा बंद. आमच्या ह्यांनी डब्यात काय आहे ते न विचारताच "ठेवा की" म्हणून टाकलं होतं.

सर प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे पाचोडचे, आवाज आठवडी बाजारात कमावलेला. शहागंजातला खाटीक त्यांना लांबूनच विचारायचा, "सर, आज खानेका या पढानेका?" सर कायम पढानेकाच न्यायचे. मग तो मेंदू औषधात मुरवायचा, पातळ काप काढायचे, निळा रंग द्यायचा आणि ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडून दिसेल त्याला पकडायचं. दूधवाला, पोस्टमन, मीटर बघायला आलेला माणूस, कुणाची सुटका नाही.

"मेंदूच्या सालीत सहा थर. बोकडाला सहा, तुम्हाला बी सहा. उगं माज करायचा नाय! पेशी तळाला जन्मतात अन् वर चढत येतात. मागून आलेली आधीच्यांना ओलांडून वर जाऊन बसती."

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," आमचे हे म्हणाले. सर मात्र हसले नाहीत.

त्यांची मुलगी शोभा आजारी असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एकदा काही कामानं मी थेट आतल्या खोलीत गेले आणि जागच्या जागी थिजले. दहा-बारा वर्षांची पोर, पण मान धरत नव्हती. सर तिला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होते.

"हिच्या पेशी अर्ध्या वाटंतच थांबल्या," ते म्हणाले. "डॉक्टरनं फोटोत दाखवलं. मेंदूवर वळ्याच नायत. कुणाचाच दोष नाय."

दोषाचं तर मी काहीच बोलले नव्हते.

"पोटुशी व्हते तवा ग्रहण लागलं," शेजारी बसलेल्या औताडे वहिनी हळूच म्हणाल्या. "सासूबाई म्हणल्या, काही चिरू नको. हे म्हणले, सायन्सच्या माणसाच्या घरात असलं चालणार नाय. काकडी अन् सुरी यांनीच माझ्या हातात दिली."

"वहिनी, तुम्हाला वाटतं का हो तसं?"

"छ्या! ग्रहणाचा काय संबंध? मला कवाच पटलंय. ते थर बघत बसतात ना, ते यांना पटंना म्हणून."

सर घास हातात धरून तसेच बसले. शोभानं तोंड उघडलं, तेव्हा तो भरवला आणि तिचे ओठ पुसले. इतका दांडगा माणूस, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

"ताई, तुम्ही शिकलेल्या हायेत," ते म्हणाले. "खरं सांगा. काकडीनं असं काय व्हतंय का?"

"नाही हो सर. मुळीच नाही."

"परत एकदा म्हणा," सर म्हणाले.