माझ्या अंगठ्याची बीजप्रक्रिया

भंडाऱ्याच्या डॉक्टरचं औषध लावायचं नाही असं मी ठरवलं, तिथूनच माझ्या अब्रूचा पाय घसरला. गाव तिखटमीठ लावून सांगतंच आहे, तर मीच सांगते.

जन्मभर धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहून माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाडजूड झालं होतं. नातू अमर मला चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, "आजी, नखाले बुरशी लागली आहे. नख घासायचं अन् हे लावायचं. नवीन नख येतपर्यंत, वर्षभर."

औषध म्हणजे ब्रशवाली इवलीशी बाटली. थेट नेलपॉलिश! नातीण गुड्डीने बोटं रंगवली की घर डोक्यावर घेणारी मी, सत्तरीची विधवा, आता ओसरीवर बसून नखं रंगवू? बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली. बुरशी म्हणजे बुरशी! हरभरा पेरण्याआधी बियाण्याला बुरशी मारायची गुलाबी पावडर चोळतोच ना आपण? मग अंगठ्यानेच काय घोडं मारलं? (मी शाळेत गेले नाही. खताच्या पोत्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. त्यामुळे डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं, असा माझा समज होता.) पावडर भिजवून लेप दिला, वर चिंधी बांधली.

सकाळी सोडून पाहते तर पायाची आग आग, आणि अर्धं पाऊल गुलाबी! साबण झाला, राख झाली, रंग हलेना. आणि त्याच दिवशी लाखांदूरहून गुड्डीला पाहायला पाहुणे यायचे होते. मुलाचं नाव खुशाल, शाळेत मास्तर. गुड्डीच्या मनात भरलेला. "आजी, आज कोणाशी भांडू नको, तुझ्या पाया पडतो," असं ती सकाळीच म्हणाली होती. मी गुपचूप अमरचे पांढरे मोजे चढवले.

"आत्याबाई, उकाड्यात मोजे कायले?" सून रुखमाने विचारलं.

"थंडी वाजून राहिली मले."

"घामानं न्हाऊन राहिल्या तुम्ही!"

"तुझे पोहे जळून राहिले, ते पाह्य आधी!"

पाहुणे आले. खुशाल माझ्या पाया पडला आणि रीतीप्रमाणे हात कपाळाला लावला. घामाने मोजा भिजून रंग वर आला होता. पोराच्या कपाळावर हा लांबलचक गुलाबी टिळा!

त्याची आई शकुंतलाबाई हरखली. "वा! आजीनं तं टिळाच लावला. म्हणजे पोरगा पसंत!"

दाराआड गुड्डी लाजली. मी गप्प बसले असते तर सगळं पार पडलं असतं. पण पोराला घाम फुटला आणि टिळा हळूहळू डोळ्याकडे उतरू लागला. पावडरच्या पाकिटावर कवटी होती. विषारी असंही लिहिलं होतं. (मला मेलं वाचता येतं ना!)

"पूस! पूस ते! जहर आहे!" मी किंचाळले.

शकुंतलाबाईच्या हातची बशी खाली पडली. "पोरगा नापसंत आहे तं तसं सांगा. जहर कायले?"

"तसं नाही वो! हरभऱ्याचं औषध आहे ते!"

"मंग माहा पोरगा काय हरभरा आहे?"

मी खुशालला दंडाला धरून मोरीवर नेलं, साबणाने तोंड घासलं आणि भरल्या घरासमोर मोजा काढून सगळं कबूल केलं. ग्रामसभेत माझा आवाज ऐकून सरपंच खुर्ची मागे सरकवतो. त्या दिवशी तो आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. गुड्डी आत रडत होती. पाहुणे पोहे तसेच ठेवून निघून गेले.

संध्याकाळी लाखांदूरहून फोन आला. रुखमाने घेतला. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

"पोरगी पसंत आहे म्हणतेत," रुखमा म्हणाली. गुड्डीने धावत येऊन मिठी मारली. तिला, मला नाही.

"पण एक अट आहे."

"हुंडा मागत असतील तं फोन दे इकडे!" माझा आवाज लगेच परत आला.

"हुंडा नाही मागत, आत्याबाई. लग्नात खुशाल सगळ्यांच्या पाया पडन म्हणतेत. तुमच्या मातर दुरूनच."