नेव्हिलची बसायची जागा

क्लिफर्डने दांडा लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरून, काढला, दोन्ही टोकांना जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावून पाहिला आणि रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या माणसाला न शोभणारी शिवी हासडली. सलग सहावा दांडा वाया! एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर जाड. आता केसभराने काय आभाळ कोसळतं, असं तुम्ही म्हणाल. पण वाफेच्या इंजिनात असा निमुळता दांडा घाला, दोन फेऱ्यांत अडकून बसतो की नाही बघा.

इंजिन होतं त्याच्या जुन्या मित्राचं, नेव्हिलचं. चहाच्या ट्रेवर मावेल एवढंसं, पितळेचं, आणि ते करायला पठ्ठ्याला अकरा वर्षं लागली होती. "कधी चालणार रे तुझं इंजिन?" असं बायकोने, म्युरियलने, विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "पुढच्या वर्षी नक्की." नोव्हेंबरात नेव्हिल गेला, तेव्हा फक्त हा एक दांडा करायचा राहिला होता. दफनाच्या दिवशी क्लिफर्डने म्युरियलला शब्द दिला, "मार्चच्या प्रदर्शनात चालवून दाखवतो." प्रदर्शन शनिवारी. आज गुरुवार. आणि नेव्हिलने या दांड्यासाठी म्हणून जपून ठेवलेल्या पोलादाचा आता एकच तुकडा उरला होता.

लेथ मात्र असा दगा देणारा नव्हता. टॉडमॉर्डन गावातली जुनी कापडगिरणी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला हा शंभरीकडे झुकलेला म्हातारा दोघांनी हातगाडीवरून घरी आणला होता. तीन हिवाळे घासून, गंज खरवडून, दातेरी चाकं बसवून त्याला उभा केला. दोघांनी म्हणजे क्लिफर्डने. नेव्हिल हत्यारांच्या पेटीवर बसून चहा प्यायचा आणि सल्ले द्यायचा. पुढे एकोणचाळीस वर्षं दर बुधवारी तो येऊन त्याच पेटीवर बसला.

"ऊठ की लेका, जरा हात लाव," क्लिफर्ड म्हणायचा. "नुसता बसून असतोस!"

"बसायलाही माणूस लागतो," नेव्हिल डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री चघळत म्हणायचा.

क्लिफर्डने लेथचे बोल्ट आवळले, पाणसळ लावून पातळी बघितली, पट्टा बदलला. छे! शेवटी नाइलाजाने त्याने छोटी इंजिनं बनवणाऱ्यांच्या क्लबच्या सेक्रेटरीला, गॉर्डनला, फोन केला. ही मोठीच चूक झाली. गॉर्डन बॅरीला घेऊन आला, बॅरी आपली पाणसळ घेऊन आला, आणि लाकडी शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

"बोल्ट फार आवळलेस," गॉर्डन म्हणाला.

"ढिले ठेवलेस," बॅरी म्हणाला.

भंगारातल्या सळईवर चाचणी घेतली, तर आता उलटंच टोक जाड! दोघे भांडायला शेडबाहेर गेले, पुन्हा पहिलं टोक जाड. भांडून आत आले, पुन्हा उलटं. क्लिफर्डच्या डोक्याचा पार भुगा झाला. "दोघंही बाहेर व्हा!" तो ओरडला. बॅरी रुसून घरी गेला. गॉर्डन जाडजूड माणूस, त्याला दम लागला होता. तो म्हणाला, "अरे, चहा तरी पिऊ दे," आणि पेटीवर बसला.

क्लिफर्डने त्याच्याकडे पाठ करून आणखी एक चाचणी घेतली. मागून चहाचा भुरका ऐकू आला आणि त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ऊठ की नेव्हिल, जरा हात लाव."

क्लिफर्डने डोळे पुसले, मायक्रोमीटर लावला, आणि पुन्हा लावून पाहिला. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी होती.

पेटी शेडच्या जमिनीच्या ज्या फळ्यांवर होती, त्याच फळ्यांवर लेथचे मागचे पाय होते. चाळीस वर्षांपूर्वी लेथ समतल केला, तेव्हा नेव्हिल पेटीवर बसलेला होता. म्हणजे त्याच्या वजनाने वाकलेल्या जमिनीवर हा लेथ सरळ उभा होता! आणि नाजूक काम क्लिफर्ड नेहमी बुधवारसाठीच राखून ठेवायचा, कारण काम चांगलं झालं की ते दाखवायला कोणीतरी हवं; त्यामुळे इतकी वर्षं हे कळलंच नव्हतं.

गॉर्डनची बायको वाट बघत होती, तो गेला. क्लिफर्डने लगेच म्युरियलला फोन लावला. "म्युरियल, नेव्हिलचं वजन किती होतं गं?"

"चार महिन्यांनी फोन करतोस, क्लिफर्ड, आणि हे विचारतोस?"

"लेथसाठी हवंय."

"डॉक्टरच्या कार्डावर शंभर किलो लिहिलंय," असं म्हणून तिने फोन आपटला.

क्लिफर्डने परसातून वाळूच्या पंचवीस किलोच्या चार गोण्या धापा टाकत आणल्या आणि पेटीवर रचल्या. चाचणी घेतली. तरी किंचित फरक राहिलाच! तो गोण्यांना शिव्या घालत असतानाच दारात म्युरियल उभी राहिली. वेड लागलं की काय याला, हे बघायलाच ती आली होती.

त्याने सगळं सांगितलं. ती गोण्यांकडे बघत राहिली.

"एकशे सोळा," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तरुणपणापासून एकशे सोळा किलो होता तो. दवाखान्यातल्या काट्यावर कधी चढलाच नाही. नर्सला तोंडी शंभर सांगायचा, आणि मी शेजारी बसून मान डोलवायची."

"डॉक्टरला फसवलं, पण लेथला नाही जमलं त्याला!" क्लिफर्ड म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की म्युरियलला रडू फुटलं. मग रुमाल नव्हता म्हणून तिने हातमोज्याने डोळे पुसले आणि ठसक्यात म्हणाली, "काढ त्या गोण्या. माझ्या नवऱ्याच्या जागी वाळू बसणार नाही. मी बसते."

"पण तुझं वजन कि..."

"खबरदार! एकेक गोणी कमी करून बघ. तुझं मशीन सांगेल."

चार गोण्या आणि म्युरियल, फार झालं. तीन, तरी जास्त. दोन गोण्यांवर ती बसली, आणि सळईची दोन्ही टोकं अगदी एकसारखी आली. क्लिफर्डने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवण्याचा शहाणपणा दाखवला. मग शेवटचा तुकडा लेथवर चढवला. म्युरियल पाऊण तास श्वास रोखल्यासारखी बसून होती. दांडा आरशासारखा उतरला.

शनिवारी प्रार्थनाघराच्या हॉलमधल्या प्रदर्शनात नेव्हिलचं इंजिन टुक टुक करत चालू लागलं. म्युरियलने खुर्ची ओढली आणि चहा निवेपर्यंत ती ते बघत राहिली. "चाललं रे बाबा तुझं," ती पुटपुटली.

गॉर्डन मात्र क्लिफर्डला बाजूला घेऊन म्हणाला, "साधं काम आहे. फळ्यांखाली विटांचा खांब घालू, जमीन हलायची नाही. अर्ध्या दिवसात होईल. कोणी बसायलाही नको मग. कधी येऊ?"

क्लिफर्डने म्युरियलकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "नक्की."

म्युरियलने मान वर केली. हे वाक्य तिने घरी अकरा वर्षं ऐकलं होतं.

"बुधवारी येताना मी उशी आणते," ती म्हणाली. "त्या गोण्या फार टोचतात."