आदरपात्र, नग एक

अमरावतीच्या विभागीय अभिलेख जतन व निर्लेखन कार्यालयात एकतीस कर्मचारी होते. जुनी कागदपत्रं आणि वस्तू सांभाळणं, आणि सांभाळून कंटाळा आला की त्या रीतसर मोडीत काढणं, हे कार्यालयाचं काम. एकतिसांपैकी तीस जण एकाच सत्यनारायणाला बसणारे. एकतिसावे पुंजाजी तायडे, बौद्ध. सव्वीस वर्षं ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणीही ती कागदावर घेतली नव्हती. म्हणजे कार्यालयीन भाषेत सर्व सुरळीत होतं.

पुंजाजींचं मागणं एकच होतं, अकोल्याला बदली. तिथल्या शाखेत त्यांच्याच पदाची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीपासून दहा मिनिटांवर लेक दीक्षाचं घर, आणि त्या घरात दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करून बसलेली बायको, दुर्गाबाई. निवृत्तीला वीस महिने उरले होते. चार वर्षांपासून पुंजाजी रुक्मिणीनगरात भाड्याच्या खोलीत रोज रात्री खिचडी लावत आणि कुकरशी बोलत. कुकर शिट्टीनं उत्तर देई, पण वाद घालत नसे, आणि त्यांना खरी चुटपुट त्याचीच होती.

जुलैत पुण्याहून गीतांजली मॅडम कार्यालयप्रमुख म्हणून आल्या. त्यांनी बदलीचा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "हे तर लगेच करून टाकू." पुंजाजींनी त्याच संध्याकाळी फोन लावला. "दुर्गे, दसऱ्याच्या आत येतो. ज्वारीच्या भाकरीची सोय ठेव."

दुसऱ्या दिवशी वरून परिपत्रक आलं.

'भिन्नश्रद्धा आदर अभियान' असं त्याचं नाव. प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रत्येक तिमाहीत स्वतःच्या श्रद्धेहून भिन्न अशा किमान एका श्रद्धेचा आदर करावयाचा असून, त्याचा पुरावा विहित नमुन्यात, छायाचित्रासह, आदरप्राप्त व्यक्तीच्या स्वाक्षरीने सादर करावा. आदर न केलेल्यांची वेतनवाढ, रजा व बदलीची प्रकरणे विचारात घेतली जाणार नाहीत.

अधीक्षक ओमप्रकाशजींनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुंजाजींच्या टेबलाकडे प्रेमानं पाहिलं.

"पुंजाजी, चहा घेता काय?"

"कावून साहेब? कोणी मेलं काय?"

दुपारपर्यंत पुंजाजींच्या टेबलापुढे रांग लागली. ड्रायव्हर शेखभाई मे महिन्यात निवृत्त झाले होते, नाहीतर बोजा वाटला गेला असता. आता सगळ्या कार्यालयाचा आदर एकट्या पुंजाजींवर पडला. आस्थापना शाखेच्या शेखरनं टोकन काढले. माणशी सात मिनिटं ठरली. त्यात नमस्कार, हास्य, छायाचित्र आणि सही.

पहिली छायाचित्रं मॅडमनी परत पाठवली. "अहो, यात दोन कारकून चहा पिताना दिसतायत. आदर कुठे दिसतोय? भिन्नता ठळक यायला हवी."

शेखर काकुळतीला आला. "तुमी दिसत नाही ना, भाऊ."

"काय दिसत नाही?"

"वेगळे."

"मंग आदर कायचा करून राहिले?"

"म्हणून तं म्हंतो. जरा दिसा."

पुंजाजींना चौकड्यांचे शर्ट आवडत. बौद्ध दिसावेत म्हणून कार्यालयानं एक पांढरा शर्ट खरेदी केला. तो चव्वेचाळीस मापाचा निघाला, म्हणून पाठीमागून टाचण्या लावून समोरून मापात आणला गेला. रीतीप्रमाणे शर्टाची जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, अनुक्रमांक दोनशे तेरा. रोज सकाळी पुंजाजींनी सही करून शर्ट घ्यायचा, आदर करवून घ्यायचा आणि संध्याकाळी टाचण्या मोजून परत करायचा.

नमुन्यात सातवा रकाना होता, 'आदरप्राप्त व्यक्तीची श्रद्धा काय आहे? (तिच्याच शब्दांत)'. रांगेत पहिले ओमप्रकाशजी. त्यांनी तिथं 'उच्च व उदात्त' असं लिहिलं.

"साहेब, माह्या शब्दांत म्हंते ते," पुंजाजी म्हणाले. "इचारा ना मले. सांगतो."

"तुमाले कायले तरास? मांगं लोक उभे हायेत."

दुसऱ्यानं आपल्या नमुन्यात 'वरीलप्रमाणे' लिहिलं. तिसऱ्यानंही. अठ्ठावीस जणांनी लिहिलं.

एकोणतीस नमुने भरले. तिसावा कोरा राहिला, तो शिपाई बेबीताईचा. ती चांदूर बाजारच्या माळीघरची. घरी झेंडूचे वाफे, वांग्याची वाडी. सकाळच्या बसनं यायची तेव्हा पिशवीत डब्यासोबत सायबांच्या टेबलासाठी फुलं असायची. रांग लागली तेव्हा ती रांगेला पाणी देत होती.

बेबीताईचं आणि पुंजाजींचं जे होतं ते नऊ वर्षांपूर्वीच उरकलं होतं. श्रावणात कार्यालयात सत्यनारायण असे. पुंजाजी चौरंग उचलू लागत, चपला बाहेर काढत, द्रोण दोन्ही हातांनी घेत आणि हळूच शेजाऱ्याकडे सरकवत. बाकीच्यांनी ते सतरा वर्षं पाहून न पाहिल्यासारखं केलं. बेबीताई नवी होती. तिनं नळावर कपबशा विसळताना विचारलं, "भाऊ, तुमी परसाद कावून नाही खात? शिरा तं बरा झालता."

पुंजाजींनी सांगितलं. चार-पाच वाक्यं असतील. ती नळ बंद करून ऐकत राहिली. "असं हाय काय," म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला. पुढच्या वर्षी पूजेची केळी आली, तेव्हा देवापुढं ठेवण्याआधीच तिनं फणीतलं एक केळं काढलं आणि पुंजाजींच्या टेबलावर ठेवलं. कुणापुढं न ठेवलेलं, नुसतं केळं. तेव्हापासून दरवर्षी. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

एकोणतीस नमुने वर गेले आणि शंका घेऊन खाली आले. आदरप्राप्त व्यक्ती खरोखर भिन्न आहे, याची पडताळणी झालेली नाही. त्यासाठी त्रिसदस्यीय समिती आली. समितीनं पुंजाजींचं सेवापुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं.

"पत्नीचं नाव दुर्गाबाई? याचा खुलासा करा."

"आजीनं ठेवलं जी. बारशाले आजी होती, समिती नव्हती."

खुलासा असमाधानकारक ठरला. पुंजाजींनी अकोल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गुडघे बदलून झाले," त्या म्हणाल्या, "आता नाव बी बदलू काय? आन् तुमी बदलीसाठी गेलते न सायबाकडं? मंग मलेच कावून बदलून राहिले?"

समितीनं तीन दिवसांनी निष्कर्ष दिला, 'भिन्नता मान्य. पत्नी वगळून.'

पुंजाजींना वाटलं, सुटलो. ते शेखरकडे गेले. "आता माहा अर्ज काढ रे बापा. दसरा आला."

"तुमचा आदराचा पुरावा नाही लागला, भाऊ."

"साऱ्यांचा आदर तं माह्यावरच झाला!"

"झाला. तुमी कोणाचा केला?"

पुंजाजी बोटांवर मोजू लागले. "सव्वीस वर्षं चौरंग उचलला. आरतीले उभा राह्यलो. चपला काढल्या."

"त्याले आदर नाही म्हणत, भाऊ," शेखर समजुतीनं म्हणाला, "त्याले पद्धत म्हंतात. तुमाले करायचीच होती ते."

"मंग आता करतो. कोणाचा करू सांग. तुहा करू?"

शेखरनं परिपत्रकाचं पान चार उघडलं. आदरप्राप्त व्यक्ती त्याच तिमाहीत आदरकर्ता राहू शकत नाही. दुहेरी नोंद होते. पुढच्या तिमाहीतही टोकन निघालेच होते, तेव्हा तीही गेली. वर ओमप्रकाशजींनी टिपणी जोडली की सदर कर्मचारी हा कार्यालयातील भिन्नतेचा एकमेव स्रोत असून त्याची बदली झाल्यास कार्यालयाचा आदर शून्यावर येईल. बदली लोकहिताची नाही.

मग लेखापरीक्षक आले. त्यांचा आक्षेप रास्त होता. शर्ट नोंदवहीत आहे, टाचण्या आहेत, पण ज्या मुख्य साधनासाठी हे सारं घेतलं त्याची नोंद नाही. शेखरनं दिलगिरी व्यक्त केली आणि शर्टाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अ. क्र. २१४. तायडे, पुंजाजी. आदरपात्र. नग एक. स्थिती : चालू.'

दसरा झाला. दिवाळी झाली. दिवाळीनंतर अकोला शाखेचं पत्र आलं. अकोल्यात एकोणीस कर्मचारी होते आणि भिन्न एकही नव्हता. सबब अमरावतीच्या संग्रहातील अ. क्र. २१४ तात्पुरत्या उसनवारीवर मिळावा. मॅडमनी तात्काळ मंजुरी दिली. मंगळवारी व शुक्रवारी, जीपनं, गेटपासवर. संध्याकाळी पाचला परतीला, सुस्थितीत.

पहिल्या मंगळवारी पुंजाजी अकोल्यात उतरले. दहा मिनिटांवर घर होतं; आत एकोणीस टोकन होते. साडेचारला फाटकाशी ऑटो थांबला. वॉकर आधी उतरला, मग डबा, मग दुर्गाबाई. चौकीदारानं हात आडवा केला.

"संग्रहातल्या वस्तूजवळ खायचं नेता येत नाही, बाई. मुंग्या लागतात."

"वस्तू माह्या घरची होय!" दुर्गाबाई फाटकाबाहेरून ओरडल्या. "इचार तिले!"

पुंजाजी खिडकीत आले. पाठीवरच्या टाचण्यांमुळे त्यांना नीट वाकता येईना. त्यांनी नुसता हात हलवला. पाचच्या ठोक्याला जीप निघाली. डबा ऑटोतून घरी गेला.

डिसेंबरात अभियानाचा निकाल लागला. कार्यालय विभागात पहिलं. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, भिन्न श्रद्धांचा आदर केल्याबद्दल मिळालेल्या पारितोषिकानिमित्त सत्यनारायण घालावा. एवढ्या आनंदात एकच गालबोट होतं, बेबीताई. आदर न केल्याबाबत तिला ज्ञापन निघालं होतं, वेतनवाढ थांबली होती.

पुंजाजी तिला नळावर गाठून म्हणाले, "कागद आणा, ताई. सही करतो. केळं लिहू."

"कायले भाऊ, केळ्याची काय सही?"

तरी त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं. शेखरनं कागद परत केला. 'केळे प्रसादाचे होते काय? नसल्यास बाब धार्मिक नाही. असल्यास आदर झालेला नाही.'

पूजेच्या दिवशी ओमप्रकाशजींनी पुंजाजींना बाजूला घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. खिचडीचं त्यांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी खिशातून एक कागद काढून उलगडला. अकोल्याची बदली. मॅडमची सही झालेली. तारीख तेवढी कोरी.

"नियम तुमाले ठाऊक हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "संग्रहातली वस्तू निर्लेखित झाली की मोकळी. निर्लेखन कवा होते? उपयोगाची राहिली नाही की. तुमचा उपयोग काय? भिन्नता. एक चमचा शिरा घ्या, पुंजाजी. तोंडात जाताना फोटो काढतो. भिन्नता संपली. आज रात्री अकोल्यात जेवा."

"आन् मनात काय हाय ते?"

"मनाचा रकाना कुठं हाय?"

"सातवा."

"तो आमी भरला."

आरती झाली. पुंजाजी चपला काढून उभे होते, नेहमीप्रमाणे. शेखरनं मोबाइल धरला. मॅडमनी स्वतःच्या हातानं द्रोण पुढं केला. शिऱ्यात बेदाणे होते, केशर होतं. एक चमचा. फोन लावला तर दुर्गाबाई काय म्हणतील, ते पुंजाजींना माहीत होतं. म्हणून त्यांनी फोन लावला नाही. त्यांनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाजवळ नेला नाही की खाली ठेवला नाही, शेजारच्या जानराव कारकुनाच्या हातात दिला. मग ते आपल्या टेबलापाशी गेले. तिथं केळं होतं.

त्यांनी ते सोललं आणि उभ्या उभ्या, सावकाश, सगळं खाल्लं. मोबाइल धरलेला शेखर गोंधळला. "साहेब, याचा फोटो काढू काय?"

"कायचा?" ओमप्रकाशजी कागदाची घडी घालत म्हणाले. "केळं खाऊन राहिला माणूस."

अ. क्र. २१४ अजून संग्रहात आहे. स्थिती चालू. मंगळवारी, शुक्रवारी अकोल्याला जातो. दुर्गाबाई आता काठीवर येतात आणि डबा फाटकाच्या दोन गजांमधून सरकवतात. चौकीदार त्या वेळी मुंग्या बघायला जातो. बेबीताईची वेतनवाढ थांबलेलीच आहे.

नऊ वर्षांपूर्वी नळावर पुंजाजींनी तिला काय सांगितलं, ते कार्यालयाच्या कुठल्याही कागदावर नाही. या कागदावरही नाही. तुम्ही इथवर आलात, टाचण्या पाहिल्या, डबा पाहिला, हळहळलातही असाल. विचारलं मात्र नाहीत. हरकत नाही. सातव्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहा आणि खाली सही करा. तिसावा नमुना अजून कोराच आहे.